गाडीच्या कॉम्प्युटरचे ट्यूनिंग : घरी करावे की जाणकाराकडून?

ज्यांच्या मालाची ने-आण गाड्यांवर चालते त्या व्यापारी बंधूंच्या कानावर हल्ली एक शब्द वारंवार पडतो, तो म्हणजे ‘रीमॅप’. कोणी म्हणतो, गाडीत चिप टाकली की पिकअप वाढतो. कोणी म्हणतो, सॉफ्टवेअर बदलले की डिझेल कमी लागते. आमच्या कापडाच्या गाठी नेणाऱ्या एका पिकअपवाल्याने तर एके दिवशी मोबाईलवर केबलची जाहिरात दाखवून आम्हाला विचारले, "शेठ, ही दोन-अडीच हजारांत मिळते. ट्यूनिंगवाल्याकडे गेलो तर तो पंचवीस हजार मागतो. पोरगा कॉम्प्युटर शिकलेला आहे. घरीच करून टाकले तर?"

गाडी कर्जावर घेतलेली. हप्ते तीन वर्षांचे बाकी, वॉरंटी चालू आणि घरखर्च सगळा त्याच गाडीवर. आम्ही कापडाच्या धंद्यातले, इंजिनाच्या नव्हे. म्हणून त्याला लगेच उत्तर दिले नाही. दोन-चार जाणकारांना विचारून आणि थोडे वाचून जी माहिती आम्ही जमवली ती सर्वांच्या उपयोगी पडेल, या हेतूने येथे देत आहोत.

गाडीचा कॉम्प्युटर काय करतो?

पूर्वी पेट्रोल किती जावे हे कार्बोरेटर ठरवीत असे आणि डिझेल किती जावे हे पंप. मिस्त्री स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसे, कान लावून आवाज ऐके आणि धुराचा रंग पाहून पंप जुळवी. ते काम आता धातूच्या एका डबीतील कॉम्प्युटर करतो. त्याला ईसीयू किंवा ईसीएम म्हणतात. १९७९ साली जर्मनीच्या बॉश कंपनीची ‘मोट्रॉनिक’ ही यंत्रणा बीएमडब्ल्यूच्या गाडीत आली. इंधन सोडणे आणि ठिणगी पाडणे ही दोन्ही कामे तिने एकाच डिजिटल यंत्राकडे दिली. डिझेल मोटारींमध्ये ‘कॉमन रेल’ ही पद्धत १९९७ साली आल्फा रोमिओ १५६ या मोटारीतून बाजारात आली. आज आपल्याकडील छोट्या पिकअपपासून मोठ्या ट्रकपर्यंत हेच तंत्र आहे. यात डिझेल हवेच्या दाबाच्या दीड ते दोन हजार पट दाबाने नोझलमधून फवारले जाते आणि ते केव्हा व किती वेळ फवारायचे हे ईसीयू ठरवतो.

हे ठरवण्यासाठी तो निरनिराळ्या सेन्सरकडून खबर घेतो. इंजिन किती फेरे फिरते, आत हवा किती येते, पाणी किती तापले आहे, ड्रायव्हरने पेडल किती दाबले आहे, टर्बोचा दाब किती आहे, सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला आहे, ही सगळी माहिती त्याच्याकडे क्षणाक्षणाला येते. मग तो आतल्या तक्त्यात पाहतो. आपल्या दरपत्रकात एका बाजूला कापडाचा पन्हा आणि दुसऱ्या बाजूला प्रत लिहिलेली असते व दोन्ही रांगा जेथे मिळतात तेथे दर सापडतो. ईसीयूचा तक्ताही असाच असतो. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला इंजिनावरील भार आणि मधल्या घरात इंधनाचा आकडा. असे शेकडो तक्ते आत असतात. त्यांना ‘मॅप’ म्हणतात आणि ते बदलण्यास ‘रीमॅप’.

कंपनी ताकद राखून का ठेवते?

आकडे बदलून ताकद वाढते, ही गोष्ट खोटी नाही. टर्बो डिझेल इंजिनात ती चांगली जाणवण्याइतकी वाढू शकते. बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनात मात्र फरक फारच थोडा पडतो, कारण त्यात हवा तितकीच येते. मग प्रश्न असा की, कंपनीने ती ताकद आधीच का दिली नाही?

याचे कारण असे की कंपनी एका गाडीसाठी तक्ता बनवत नाही, लाखो गाड्यांसाठी बनवते. त्यातली एखादी उन्हाळ्यात घाट चढते, एखादी दीडपट माल भरून धावते, एखाद्या गाडीचा एअर फिल्टर वर्षभर बदललेला नसतो आणि एखादीत भेसळीचे डिझेल पडते. या सर्वांत इंजिन टिकावे म्हणून मधे जागा सोडलेली असते. शिवाय धुराचे सरकारी नियम, क्लच व गिअरबॉक्सची सहनशक्ती आणि वॉरंटीचा खर्च हेही त्या आकड्यात धरलेले असतात. म्हणजे रीमॅप करणारा जी ताकद देतो ती याच राखीव जागेतून काढून देतो. राखीव माल विकायला हरकत नसते, पण किती शिल्लक आहे हे मोजल्याशिवाय विकला तर धंदा अडचणीत येतो.

बिघाड कसा होतो?

पेट्रोलच्या इंजिनात एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास साधारण १४.७ किलो हवा लागते. पूर्ण भारावर मुद्दाम थोडे जास्त पेट्रोल सोडतात, कारण त्यामुळे आतली उष्णता काबूत राहते. येथे हात आखडला तर उष्णता वाढते. ठिणगीचेही तसेच आहे. ती थोडी आधी पाडली तर ताकद वाढते, पण फार आधी पाडली तर उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप भडकते. त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात. हळू चालताना ते टकटक ऐकू येते, पण जोरात चालणाऱ्या गाडीत कानाला कळत नाही. ते चालू राहिले तर पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात. शिवाय परदेशात तयार केलेली फाईल आपल्या पंपावरील पेट्रोलला लागू पडेलच असे नाही. इथेनॉल पूर्ण जळण्यास किलोला केवळ ९ किलो हवा लागते, म्हणून इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा हिशेब वेगळा होतो.

डिझेलची गोष्ट निराळी आहे. तेथे डिझेल वाढवले आणि त्या मानाने हवा वाढली नाही, तर काळा धूर निघतो व धुराची उष्णता चढते. ती उष्णता टर्बो आणि पिस्टन सोसतात. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी पकडणारा फिल्टर असतो. धूर वाढला की तो लवकर भरतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि पुढे गाडी स्वतःच ताकद कमी करून टाकते. म्हणजे ज्या ताकदीसाठी पैसे दिले तीच हातातून जाते.

घरी करणाऱ्यांची पद्धत

घरच्या घरी ट्यूनिंग करणे हा वेडेपणा आहे असे आम्ही म्हणणार नाही. अमेरिकेत याची मोठी परंपरा आहे. २००१ च्या सुमारास ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी ‘मेगास्क्वर्ट’ नावाचा ईसीयू पुढे आणला. तो लोकांनी सुटे भाग आणून स्वतः जोडायचा होता. पुढे ‘स्पीडुइनो’सारखे आणखी स्वस्त मार्ग निघाले. जुन्या मोटारींचे शौकीन आणि शर्यतीवाले यांनी त्यावर इंजिने उत्तम चालवून दाखवली.

पण त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. ते सायलेन्सरच्या नळीत हवा-इंधनाचे प्रमाण नेमके दाखवणारा वेगळा सेन्सर बसवतात. एक जण गाडी चालवतो, दुसरा लॅपटॉपवर आकड्यांची नोंद घेतो. नंतर घरी बसून ती नोंद तपासतात, एका वेळी एकच आकडा बदलतात आणि पुन्हा मोजतात. यात महिने जातात. शिवाय ती गाडी बहुधा हौसेची असते. कामावर जायला त्यांच्याकडे दुसरी गाडी असते. त्यांचे इंजिन बिघडले तर हौस लांबते. आमच्या पिकअपवाल्याचे बिघडले तर हप्ता लांबतो.

आता त्या केबलची गोष्ट. एवढ्या किमतीत मिळणारी साधी केबल गाडीतील दोषांचे कोड वाचू शकते. आतले तक्ते लिहिण्याचे ते साधन नव्हे. नव्या गाड्यांचे ईसीयू कुलूपबंद असतात व ते उघडण्याची हत्यारे महाग असतात. त्यांची स्वस्त नक्कल बाजारात मिळते, पण तीत धोका आहे. लिहिण्याचे काम चालू असताना बॅटरीचा दाब उतरला किंवा केबल हलली, तर अर्धे लिहून थांबते आणि गाडी चालूच होत नाही. मग डबी बाहेर काढून, टेबलावर जोडून दुरुस्त करावी लागते आणि तेही प्रत्येक वेळी साधत नाही. म्हणून जाणकार मंडळी लिहिताना बॅटरीला चार्जर लावूनच ठेवतात.

आणखी एक बारकावा आहे. ईसीयूच्या फाईलमध्ये आकड्यांची एक बेरीज आत ठेवलेली असते, तिला ‘चेकसम’ म्हणतात. रोजमेळाची बेरीज जुळली नाही की मुनीम जसा पुढे जात नाही, तसाच ईसीयूही बेरीज जुळली नाही तर फाईल नाकारतो. आकडा बदलणाऱ्याला ही बेरीजही सुधारावी लागते. पोरगा कॉम्प्युटर शिकलेला असेल, तर हा भाग तो शिकू शकेल. पण कोणत्या घरात कोणता आकडा इंजिनाला सोसेल हे कॉम्प्युटरच्या शिक्षणात येत नाही, ते इंजिनाच्या तजुर्ब्यानेच येते.

बाजारात काही डब्याही मिळतात. त्या ईसीयूला हात लावत नाहीत. सेन्सरची वायर मधे तोडून त्या बसवतात. रेलमधला डिझेलचा दाब आहे त्यापेक्षा कमी आहे असे त्या ईसीयूला भासवतात, म्हणून ईसीयू दाब वाढवतो. म्हणजे कारभाऱ्याला शिल्लक कमी सांगून जास्त माल मागवायला लावण्याचा हा प्रकार झाला. डबी काढली की गाडी पूर्ववत होते हे खरे, पण ती बसलेली असते तोवर इंजिनाचा कारभार खोट्या खबरीवर चालतो.

पैसे घेणारा प्रत्येक जण जाणकार असतो का?

पैसे जास्त घेतो म्हणून काम चांगले, असेही नाही. या धंद्यात तीन तऱ्हेची माणसे आढळतात.

पहिला, तयार फाईल टाकणारा. त्याच्याकडे प्रत्येक मॉडेलची एक फाईल असते. गाडी आली की अर्ध्या तासात टाकतो. तुमच्या गाडीचे नोझल झिजले आहे की टर्बोची नळी गळते, हे तो पाहत नाही.

दुसरा, फाईल मागवणारा. तो गाडीतून मूळ फाईल काढतो, इंटरनेटवरून दूरच्या कोणाकडे तरी पाठवतो आणि तिकडून बदलून आलेली फाईल गाडीत टाकतो. बदल करणाऱ्याने तुमची गाडी पाहिलेली नसते आणि ज्याने गाडी पाहिली त्याला बदल काय झाला हे ठाऊक नसते. पुढे तक्रार निघाली की जबाबदारी मधल्या मध्ये राहते.

तिसरा खरा कारागीर. तो आधी गाडी तपासतो. दोषांचे कोड, फिल्टर, नोझल, टर्बो आणि क्लच पाहतो. दोष असेल तर ‘आधी दुरुस्ती करा’ म्हणून परत पाठवतो. मग गाडी रोलरच्या यंत्रावर चढवतो, ज्याला ‘डायनो’ म्हणतात, आणि मूळ ताकद मोजून कागद देतो. त्यानंतर थोडा बदल करतो, हवा, दाब व उष्णता मोजतो आणि पुन्हा बदल करतो. शेवटी दुसरा कागद देतो. मूळ फाईल जपून ठेवतो व मागितली तर परत टाकून देतो.

तेव्हा घरी की बाहेर, या प्रश्नाआधी मोजणार कोण, हा प्रश्न विचारावा. मोजमाप न करणाऱ्या दुकानदाराला पैसे देणे आणि घरी केबल लावणे यांत इंजिनाच्या दृष्टीने फारसा फरक नाही. कोणाकडे गेलाच तर त्याला पुढील पाच गोष्टी जरूर विचाराव्यात :

१) फाईल तुम्ही स्वतः बनवता की बाहेरून मागवता?
२) आधीचे आणि नंतरचे मोजमाप कागदावर द्याल का?
३) मूळ फाईल माझ्या हाती द्याल का?
४) धुराचा फिल्टर किंवा धूर कमी करणारी दुसरी यंत्रणा बंद करणार आहात का? (‘हो’ म्हणाला तर तेथून उठावे.)
५) बिघाड झाला तर तुमची जबाबदारी किती, आणि ती लिहून द्याल का?

ॲव्हरेजचा हिशेब

धंदेवाल्याला ताकदीपेक्षा ॲव्हरेजचे आकर्षण जास्त असते. म्हणून हा हिशेब नीट पाहू. धरा की गाडी वर्षाला ३०,००० किलोमीटर चालते, लिटरला १२ किलोमीटर देते आणि डिझेल ९० रुपये लिटर आहे. म्हणजे वर्षाला २,५०० लिटर डिझेल लागते. ॲव्हरेज खरोखर दहा टक्क्यांनी वाढून १३.२ झाले, तर २,२७३ लिटर लागेल. बचत झाली २२७ लिटर, म्हणजे सुमारे २०,४०० रुपये. पंचवीस हजारांचा खर्च निघायला सव्वा वर्ष लागले.

पण दहा टक्के वाढ होईलच याची खात्री कोणी लिहून देत नाही. ताकद वाढली की ड्रायव्हरचा पायही जड होतो आणि बचत धुरात जाते. त्यातही एक फसगत आहे. डॅशबोर्डवर दिसणारे ॲव्हरेज हे मोजलेले नसते. नोझल किती वेळ उघडे ठेवले यावरून ईसीयूने काढलेला तो अंदाज असतो. तक्ते बदलले किंवा डबीने दाबाची खोटी खबर दिली, तर ईसीयूला कळते त्यापेक्षा जास्त डिझेल जाते आणि काचेवर मात्र सुंदर आकडा दिसतो. खरे ॲव्हरेज काढायचे तर टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटर लिहून ठेवावेत, पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरावी आणि भागाकार करावा. असे चार-पाच वेळा केल्याखेरीज कोणाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

कायदा, वॉरंटी आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच अधिक स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. धुराच्या नियमभंगाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. मालवाहू गाडीचा वेग बांधून ठेवलेला असतो. ट्यूनिंग करताना ते बंधन काढले तर तो आणखी एक गुन्हा.

‘आत काय बदलले ते कोणाला कळणार?’ असे काही जण म्हणतात. पण फाईलची ओळख सांगणारा एक आकडा ईसीयू स्कॅनरला देतो आणि मूळ आकड्याशी तो जुळला नाही की बदल उघड होतो. कळले की इंजिन व नोझलची वॉरंटी कंपनी नाकारू शकते. विमा कंपनीला न कळवता केलेल्या बदलामुळे अपघाताच्या दाव्यातही वाद निघू शकतो.

हा विषय जगभर किती गंभीरपणे घेतला जातो याचे एक उदाहरण पुरे आहे. २०१५ मध्ये फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल मोटारींत, तपासणीच्या वेळीच धूर कमी दाखवणारे सॉफ्टवेअर असल्याचे उघड झाले. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांचा तो प्रश्न होता आणि कंपनीला अब्जावधी डॉलर मोजावे लागले. तेथेही पोलादाचा एक पुर्जा बदललेला नव्हता, आतली आज्ञा तेवढी वेगळी होती.

मग करावे काय?

आमचे मत सरळ आहे. गाडी शर्यतीच्या मैदानासाठी असेल, रस्त्यावर आणायची नसेल, वेळ व पैसा घालवण्याची तयारी असेल आणि मोजण्याची साधने असतील, तर घरी शिकत शिकत करण्यात आनंद आहे. शेजारी अनुभवी माणूस मात्र हवा. अशाच गाडीचे काम लवकर व बिनचूक हवे असेल, तर वर सांगितलेल्या तिसऱ्या तऱ्हेच्या कारागिराकडे जावे. परंतु गाडी कर्जावरची, वॉरंटीतली, मालवाहतुकीची असेल, तर दोन्ही मार्ग सोडावेत.

मुलाच्या शिक्षणाचा उपयोग नाही असे मात्र नाही. कोड वाचणारी चांगली केबल घ्यावी आणि महिन्यातून एकदा गाडी तपासावी. थर्मोस्टॅट उघडा अडकला तर इंजिन कायम थंड राहते आणि डिझेल जास्त खाते. हवेचा सेन्सर मळला, टर्बोची नळी फाटली, फिल्टर तुंबला किंवा एखादे नोझल गळू लागले, तरी पिकअप व ॲव्हरेज दोन्ही पडतात. यातील पुष्कळ गोष्टी आकड्यांवरून घरीच ओळखता येतात. टायरमधील हवा, वेळेवर ऑईल आणि भाराची मर्यादा यांचीही जोड द्यावी. वाचणे घरी करावे, लिहिणे करू नये.

आम्ही पिकअपवाल्याला एवढेच सांगितले. त्याने केबल आणली, पण वाचण्यापुरती. मुलाने आकडे पाहून सांगितले की इंजिन अर्धा तास चालूनही पुरेसे तापत नाही. थर्मोस्टॅट उघडा अडकलेला निघाला आणि तो वॉरंटीतच बदलून मिळाला. आता गाडीच्या चढाच्या तक्रारी थांबल्या आहेत आणि टाकी भरून काढलेले ॲव्हरेज तो वहीत लिहून ठेवतो. पंचवीस हजार रुपये त्याच्याजवळच आहेत. त्यातून त्याने पुढचे हप्ते भरायचे ठरवले आहे.